दिग्रसची घंटी आणि परदेशचा शिक्का

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर रुई बसते ना, तसे हे किस्से. माणूस घरी येतो, कपडे झटकतो, आंघोळ करतो, आणि जेवायला बसल्यावर कुणीतरी त्याच्या कानामागून एक पुंजका काढून दाखवतंच! आमच्या वर्कशॉपचं तसंच झालंय. आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की कुणीतरी नुसतं "फरशी!" म्हणतं आणि बाकीचे हसून हसून पाणी मागतात. शेजारचे पाहुणे आमच्याकडे बघत राहतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

आधी माणसं सांगते. प्रभाकरकाका मालक. पूर्वी दिग्रसच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, काका राहिले. मग त्यांनी डोकं लढवून कापसातला ओलावा मोजायची मशीन बनवली. टेबलावर ठेवायची, प्लग लावायचा, डब्यात ओंजळभर कापूस दाबून भरायचा, की काटा सांगणार ओलावा किती. रफिकभाई तिचे पत्र्याचे डबे बनवायचे. मंगलाताई सोल्डरिंग करायच्या आणि करता करता आम्हा सगळ्यांची लग्नंही जुळवायच्या. आणि मी सुनंदा, यवतमाळहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली. त्यामुळे इंग्रजीत जे काही येईल ते माझ्या गळ्यात!

ती वर्षं कापसाला वाईट होती. भाव पडलेले, बोंडअळीनं शेतं पोखरलेली, गावातल्या जिनिंगचे भोंगे एकेक करून गप्प झालेले. जिथे जिनिंगच बंद, तिथे आमची मशीन घेणार कोण?

०००

तरी काका मशीन बगलेत मारून फिरायचेच. एकदा मी बरोबर होते. एका व्यापाऱ्याच्या गोदामात आम्ही मशीन लावली. काका म्हणाले, "शेठ, तुमचाच कापूस द्या. पाह्यू काय म्हणते."

शेठनं हसत हसत गंजीतला कापूस काढून दिला. डबा भरला, बटण दाबलं. काटा जो निघाला तो थेट पार टोकाला जाऊन टेकला! कापसावर पाणी मारून वजन वाढवलेलं, हे लपून राहायला जागाच उरली नाही.

 हमाल वर छताकडे पाहायला लागले. शेठनं काट्यावर एकदा टिचकी मारली, दोनदा मारली. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, मशीन लय चांगली हाय तुमची. पण थोडी समजदार पायजे होती!"

काका परत येताना रस्ताभर हसत होते. मला मात्र रडू येत होतं, कारण त्या महिन्यातलं ते शेवटचं गिऱ्हाईक होतं.

०००

आणि मग टांझानिया उगवलं! काकांच्या ओळखीचा एक फिटर तिकडे जिनिंगच्या मशिनी बसवायला गेला होता. त्यानं आमची एक मशीन बॅगेतून नेली. तिकडेही कापूस, तिकडेही पाणी मारणारे. तिथल्या जिनिंगवाल्यांना मशीन इतकी आवडली की त्यांनी खोलीभर मशिनी मागवल्या. अट एकच. तिकडे विजेवर चालणारी कुठलीही वस्तू न्यायची तर आधी सर्टिफिकेट पाहिजे. सक्तीचं! शिक्का नाही तर माल बंदरावरूनच परत.

काकांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "हे जमलं त जमलं. नाही त होळीनंतर शटर खाली, अन् मी पुण्याला पोरीकडे." ते हसूनच म्हणाले, पण आमच्यातलं कुणी हसलं नाही. मंगलाताईंच्या हातातली सोल्डरिंग आयर्न तशीच धूर सोडत राहिली.

आता सर्टिफिकेट म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस कुठे जाणार? तहसीलला! काका दुसऱ्याच दिवशी तहसीलबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या एका अर्जलेखकाकडे गेले. आयुष्यात लागलेले सगळे दाखले त्यांनी त्याच्याकडूनच काढलेले.

"सर्टिफिकेट पायजे."

अर्जलेखकानं मान वर न करता विचारलं, "जातीचं, रहिवासी, का उत्पन्नाचं?"

"मशीनचं."

"मंग जन्मतारीख सांगा मशीनची!"

काकांनी मनापासून आठवून तारीख सांगितली. त्यानं लिहूनही घेतली. पुढचा रकाना आला तेव्हा तो अडला. "काका, वडिलांच्या जागी तुमचं नाव टाकू काय?"

०००

शेवटी कळलं, की शिक्का देणारी एक परदेशी कंपनी आहे, तिचं मुख्य ऑफिस युरोपात कुठल्याशा थंड गावात आहे, आणि ती सांगेल त्या चाचण्या हैदराबादच्या एका लॅबमध्ये करून घ्यायच्या आहेत. मग माझ्या वाऱ्या सुरू झाल्या. मांडीवर मशीन घेऊन दिग्रसहून एसटीनं यवतमाळ, तिथून पांढरकवडा, आणि तिथून हायवेवर हैदराबादकडे जाणारी मिळेल ती गाडी.

पहिली चाचणी मशीन खाली टाकून बघायची होती. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकायची आणि चालते का बघायचं. मी हे रफिकभाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा अपमानच झाला.

"बेटा, अपना माल एसटी के टपावरून गिरता! और ये लोग टेबल से गिरा के देखते?"

त्यांनी ईर्ष्येनं नवा डबा बनवला. जाड पत्रा, कोपऱ्यांना वरून पट्ट्या. मशीन मांडीवर घेऊन मी हैदराबादला पोहोचले तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते.

लॅबमध्ये रावसाहेब म्हणून इंजिनिअर होते. गोड माणूस. त्यांनी मशीन उचलली, "अय्यो!" म्हणाले, दोन्ही हातांनी सावरली आणि सोडली. धाडकन आवाज झाला. मशीनचा प्लग लावला. काटा हलला, दिवा लागला, सगळं ठीक. पण रावसाहेब खालीच बघत होते. त्यांच्या चकचकीत फरशीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता!

मी एसटीडी बूथवरून दिग्रसला फोन लावला. रफिकभाईंनीच उचलला.

"क्या हुआ? पास के फेल?"

"मशीन पास, रफिकभाई. पण त्यांची फरशी फुटली."

 पलीकडून वर्कशॉपभर ऐकू जाईल असा आवाज आला, "मशीन पास! फरशी फेल!"

०००

पुढच्या चाचणीला नेलेल्या मशीनचं मात्र वेगळंच झालं. ती निघाली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. ड्रिल, ग्राइंडर, रफिकभाईंचा हातोडा, सगळ्यांना हळद-कुंकू. परदेशी जाणाऱ्या मशीनला मंगलाताईंनी जरा जास्तच लावलं. लेक सासरी निघाली म्हटल्यावर हात आखडता कोण घेतो? वरच्या जाळीतून ते सगळं आत उतरलं.

हैदराबादला रावसाहेबांनी झाकण उघडलं. आत सर्किटवर लालपिवळी रांगोळी. एक अक्षतही चिकटलेली. विजेच्या वस्तूत असली भुकटी दिसली की नियमानं ताबडतोब नापास, हे मलाही ठाऊक होतं. मी डोळे मिटून घेतले.

उघडून पाहते तर रावसाहेबांनी चप्पल काढून मशीनला हात जोडले होते! मग चप्पल घातली, चष्मा लावला, आणि अर्जावर नापासचा शिक्का मारला.

परत आल्यावर मी मंगलाताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या उलट खूश. "पाह्य, देवभोळा माणूस हाय तो. पहिले हात जोडले, मंग फेल केलं! सुनंदा, लग्न झालं काय गं त्याचं?"

पुढच्या खेपेपासून पूजा खोक्याची व्हायला लागली.

०००

विजेच्या दाबाची चाचणी तर मला जन्मात विसरता येणार नाही. लॅबमध्ये एक मोठं चाक होतं. ते फिरवून विजेचा दाब कमीजास्त करायचा आणि मशीन कुठपर्यंत तग धरते ते बघायचं. या खेपेला काका स्वतः आले होते. रावसाहेबांनी विचारलं, "कहाँ से कहाँ तक रेंज लिखूँ?"

काका म्हणाले, "दिग्रसची रेंज लिवा."

आमच्याकडे संध्याकाळी बल्बची तार नुसती लाल दिसायची आणि पहाटे तोच बल्ब फटकन उडायचा. काकांनी मशीन बनवली ती याच विजेवर. दुसरी वीज त्यांनी पाहिलीच नव्हती. रावसाहेबांनी चाक खाली नेलं. मशीन चालू. अजून खाली. चालू. मग वर नेलं, आणखी वर नेलं. बाकीचे इंजिनिअर आपापली कामं सोडून जमा झाले. चाक टोकाला जाऊन अडलं, मशीन चालूच. रावसाहेबांनी कपाळ पुसलं आणि काकांना विचारलं, "साब, इसको बंद कैसा करते?"

त्यानंतरची चाचणी वीज तोडायची आणि जोडायची. तोडली, जोडली, आणि लॅबभर ट्रिंग! पुन्हा तोडली, जोडली. ट्रिंग! वरच्या मजल्यावरची माणसं कप घेऊन खाली आली. त्यांना वाटलं, चहा आला!

०००

त्या घंटीचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं.

काकांनी प्रत्येक मशीनमध्ये सायकलच्या घंटीची वाटी बसवली होती आणि तिच्यावर एक छोटी हातोडी. गेलेली लाइन परत आली की हातोडी पडायची. लोडशेडिंगचे दिवस. काकांचं म्हणणं असं, की लाइन जाते तेव्हा पंखा थांबतो, सगळ्यांना कळतं. येते तेव्हा दिवसाउजेडी कुणाला कळत नाही. माणूस बाहेर ओट्यावर बसून वाट पाहत राहतो आणि आत लाइन येऊन अर्धी संपूनही जाते! म्हणून घंटी.

मशीनमध्ये जे जे आहे त्याचं कारण त्या थंड गावच्या ऑफिसला लिहून कळवायचं होतं. मी लिहिलं, "वीज आली की घंटी वाजते."

तिकडून उत्तर आलं, "वीज कुठून येते?"

मी लिहिलं, "वीज गेलेली असते. ती परत येते."

त्यावर प्रश्न आला, "मधल्या काळात ती कुठे असते?"

मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा काकांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "हे त मले बी माईत करायचं हाय!"

पण शेवटचं पत्र हसण्यासारखं नव्हतं. घंटीचं प्रयोजन समजत नाही, ती काढून टाका. काढायची नसेल तर आमचा माणूस कारखाना बघायला येईल, तेव्हा त्याला पटवून द्या. त्याला पटलं नाही तर शिक्का नाही.

आम्ही सगळे काकांच्या मागे लागलो. मी तर हात जोडले. "काका, काढा ना ती घंटी. कायले जीव अडकवता त्या वाटीत?"

काका शांतपणे म्हणाले, "सुनंदा, ओलावा मोजाची मशीन कोणीबी बनवते. घंटीवाली माही हाय." आणि कामाला लागले. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता.

०००

येणारा माणूस त्या कंपनीचाच, पण खुद्द टांझानियाचा होता. नाव जोसेफ. तो येणार म्हणून आम्ही वर्कशॉप घासून पुसून लख्ख केलं. त्याच्या यादीत एक कलम होतं, की आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार हवं. आमच्याकडे दार एकच. रफिकभाई म्हणाले, "दरवाजा कौनसी बड़ी बात है?" आणि मागच्या पत्र्याच्या भिंतीत त्यांनी दार कापून बसवलं. वर हिरव्या रंगानं बाण काढला. सुंदर काम! पलीकडे काय आहे ते बघायचं मात्र राहून गेलं.

जोसेफसाहेब आले. उंच, गंभीर, घामानं भिजलेले. यवतमाळच्या लॉजवर रात्रभर लाइन नव्हती, त्यामुळे झोप नाही आणि मोबाइल मरायला टेकलेला. त्यांनी हिरवा बाण पाहिला, मान डोलावली आणि दार उघडलं. पलीकडे शेजाऱ्याचा बकऱ्यांचा गोठा होता. पहिली बकरी आत आली, तिच्यामागे दुसरी, आणि मग त्यांचं सगळं खानदान आत आलं. मंगलाताई ओरडल्या, रफिकभाई धावले. एका बकरीनं आमचं माहितीपत्रक खायला घेतलं.

जोसेफसाहेब दाराजवळून बाजूला सरकले. बकऱ्या जाऊ दिल्या, मोजल्यासारखं केलं, आणि मला गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, "दार व्यवस्थित उघडतं. पुढे?"

०००

पुढे घंटी होती.

रॅकवर टांझानियाला जायच्या सगळ्या मशिनी प्लग लावून ठेवलेल्या. जोसेफसाहेबांनी खिशातून कागद काढला, त्या थंड गावचाच. त्यातला प्रश्न त्यांनी सरळ वाचला. मी काकांना मराठीत सांगितला. "या घंटीचं प्रयोजन काय?"

काकांनी घसा खाकरला. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडून चांगली तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. ते तोंड उघडणार, तेवढ्यात पंखा थांबला.

लाइन गेली!

त्या दिवशी ती दुपारनंतर जायची होती. आम्ही सगळा बेत त्या हिशेबानं आखलेला. पत्र्याचं छत, उन्हाचा तडाखा, आत थांबणं शक्यच नव्हतं. काका म्हणाले, "चला साहेब, बाहीर बसू."  मला वाटलं, संपलं. आता हा माणूस घड्याळ बघणार आणि गाडीत बसणार.

वर्कशॉपसमोर लिंबाचा ओटा. बाजूच्या जिनिंगपुढे कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. लाइन गेल्यामुळे जिनिंगही बंद, त्यामुळे गाडीवाले आधीच ओट्यावर येऊन बसलेले. भाव ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. जोसेफसाहेब त्यांच्यात जाऊन बसले. मंगलाताईंनी चहा आणला. 

मग जोसेफसाहेब उठले, जवळच्या गाडीतून चिमूटभर कापूस घेतला आणि दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ओढला. धागा किती लांब येतो ते बघत. ओट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "बाई, हा त आपल्यावानीच ओढून राह्यला! इचार बरं, याच्या घरी शेती हाय काय?"

मी विचारलं. होती. वडील कापूसच लावायचे, भाऊ अजूनही लावतो.

"मंग तिकडे भाव काय हाय म्हणा?"

मी विचारलं. जोसेफसाहेबांनी नुसता तळहात उपडा धरला आणि पार जमिनीपर्यंत खाली नेला.

ओट्यावर असा काही हशा उसळला! पडलेल्या भावावर लोक इतके हसलेले मी त्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिले. बाबांनी सरकून त्यांना जागा करून दिली, तंबाखूची डबी पुढे केली. ऊन चढत गेलं, चहा पुन्हा आला. जोसेफसाहेबांच्या मोबाइलनं एक शेवटचा आवाज केला आणि तो बंद पडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खिशात ठेवला. कागद मांडीवर तसाच होता. काका त्या कागदाकडे बघत होते, आणि मी काकांकडे.

आणि आतून एकदम आवाज झाला. एक नाही, रॅकवरच्या सगळ्याच्या सगळ्या घंट्या एकदम! ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, गल्लीभर!

"आली! आली!" सगळा ओटा ओरडला. जिनिंगवाले तिकडे पळाले, मंगलाताई पाण्याच्या मोटारीकडे धावल्या, समोरची गिरणीवाली पदर खोचून उठली.

पण या सगळ्यांच्या आधी जोसेफसाहेब उठले होते. "उमेमे! उमेमे!" असं त्यांच्या भाषेत विजेच्या नावानं ओरडत, मांडीवरचा कागद खाली पाडून, ते लांब ढांगा टाकत आत पळाले. जाता जाता खिशातून चार्जर काढला. आम्ही दारात पोहोचेपर्यंत त्यांनी रफिकभाईंच्या ग्राइंडरचा प्लग उपटून आपला मोबाइल लावलासुद्धा!

मग ते वळले. आम्ही सगळे दारात उभे. काकांच्या हातात तो जमिनीवरून उचललेला कागद. जोसेफसाहेबांनी शर्ट नीट केला, चेहरा पुन्हा गंभीर केला. रॅकजवळ गेले आणि एका मशीनच्या घंटीवर बोटानं हळूच टकटक केलं.

काका पाठ केलेली वाक्यं म्हणायला पुढे झाले. जोसेफसाहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "त्यांना विचारा, आवाज आणखी थोडा मोठा करता येईल का? माझ्या भावाचं शेत घरापासून लांब आहे."